खेळाडू मुलें आणि निळ्या गोळ्या

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जेवतां जेवतां सहज विचारतो, "बाबा, तालमींतले लोक म्हणतात त्या औषधानें खरोखरीच अंग भरतें का हो?" ज्या घरांतील मुलगा शर्यतींत धांवतो किंवा मुलगी पोहायला जाते, त्या घरांत हा प्रश्न कधीं ना कधीं निघतोच. बाप बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर देतो. एक तर तो हातांतला घांस ताटांत टाकून ओरडतो; नाहीं तर 'आधीं अभ्यास कर' असें म्हणून प्रश्न हंसण्यावारी नेतो. कोणत्याहि उत्तरानें मुलाचें समाधान होत नाहीं, आणि तो हाच प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. त्या दुसऱ्या माणसाजवळ उत्तर असतें आणि पुष्कळदां मालहि असतो. ह्या प्रश्नाला गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढें ठेवावा, असा विचार आहे.

ताकद बाटलींतून मिळविण्याची हौस मात्र त्याहूनहि जुनी. पॅरिस येथील विख्यात शरीरशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार ह्यांनीं १८८९ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेतला आणि आपला जोम परत आल्याचें विद्वानांच्या सभेंत जाहीर केलें. तो सारा मनाचा खेळ होता, असें आतां मानतात. परंतु कल्पना रुजली. १९३५ सालीं बूटेनांट व रुझिच्का ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषत्वाचा अंतःस्राव, प्रयोगशाळेंत तयार करून दाखविला, आणि १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ह्या दोघांना विभागून जाहीर झालें. रोग्यांच्या दृष्टीनें हा शोध उपकारकच होता. निरोग्यांच्या हातीं तो कसा गेला, ती कथा निराळी आहे.

१९५४ सालीं व्हिएन्ना येथें वजनें उचलण्याच्या जागतिक स्पर्धा भरल्या होत्या. तेथें अमेरिकन पथकाबरोबर गेलेले डॉक्टर झीग्लर ह्यांना कळलें कीं, रशियन मल्ल टेस्टोस्टेरॉन घेतात. आपला देश मागें पडूं नये ह्या भावनेनें त्यांनीं घरीं परतल्यावर आपल्या मल्लांवर प्रयोग सुरू केले. १९५८ सालीं सीबा कंपनीनें डायनाबॉल नांवाची गोळी बाजारांत आणली, आणि इंजेक्शनाची कटकटहि संपली. झीग्लर थोडी मात्रा सांगत. मल्ल ती आपल्या मनानें कितीतरी पटींनीं वाढवीत. पुढें झीग्लर ह्यांना ह्या सर्व प्रकाराचा फार पस्तावा झाला. पण पस्तावा होईपर्यंत गोळी तालमीतालमींतून पसरली होती. हे सर्व प्रौढ लोक होते, आणि गोळी कशाची आहे हें त्यांना ठाऊक होतें, एवढें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल.

पूर्व जर्मनींत जें घडलें, त्याच्या बाजूनें तेवढेंहि म्हणतां येत नाहीं. हें राष्ट्र आतां नकाशावर नाहीं. १९९० सालीं तें पश्चिम जर्मनींत विलीन झालें. जेमतेम पावणेदोन कोटींच्या वस्तीचा तो देश होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें त्याच्या मुलींना पोहण्याच्या शर्यतींत एकहि सुवर्णपदक मिळालें नाहीं. पुढील ऑलिंपिक १९७६ सालीं मॉन्ट्रिऑल येथें झालें. तेथें स्त्रियांच्या पोहण्याच्या १३ शर्यतींपैकीं ११ शर्यती त्याच देशाच्या मुलींनीं जिंकल्या! एकट्या कोर्नेलिया एंडर हिनें चार सुवर्णपदकें मिळविलीं, आणि तिचें वय अवघें १७ वर्षांचें होतें. ह्या मुलींचे रुंद खांदे आणि घोगरे आवाज पाहून इतर देशांचे लोक कुजबुजूं लागले. शर्ली बाबाशॉफ नांवाच्या अमेरिकन मुलीनें शंका उघड बोलून दाखविली, तेव्हां तिच्याच देशांतील वृत्तपत्रांनीं 'हिला हार पचत नाहीं' म्हणून तिची टवाळी केली. चार रौप्यपदकें घेऊन ती घरीं गेली. तिची शंका खरी होती, हें सिद्ध व्हावयास पंधरा वर्षें लागलीं.

मधल्या चार वर्षांत काय झालें होतें? १९७४ सालीं तेथील राज्यकर्त्या पक्षानें एका गुप्त योजनेला संमति दिली. सरकारी कागदांत तिचा उल्लेख 'विषय १४.२५' एवढाच असे. येना शहरांतील सरकारी कारखान्यांत ओरल-ट्युरिनाबॉल नांवाचें स्टिरॉइड तयार होत असे. त्याच्या गोळ्या निळ्या व गुलाबी, दिसावयास पेपरमिंटसारख्या निरुपद्रवी. ह्या गोळ्या खेळाडूंना पद्धतशीरपणें, वर्षांचें वेळापत्रक आंखून, द्यावयाच्या असें ठरलें. अशा रीतीनें औषध दिलेल्या खेळाडूंची संख्या एकंदरींत दहा हजारांच्या घरांत गेली, असा अंदाज आहे. त्यांत कित्येक मुली तेरा-चौदा वर्षांच्या होत्या.

येथें आईबापांची जागा कोठें होती, तें पाहण्यासारखें आहे. शाळांतून मुलांच्या उंचीचीं व हातापायांच्या लांबीचीं मापें घेऊन होतकरू मुलें निवडीत आणि त्यांना खास क्रीडाशाळांच्या वसतिगृहांत पाठवीत. मुलगी निवडली गेली म्हणजे घरांत आनंदीआनंद होई. परदेशप्रवासाची बंदी असलेल्या त्या देशांत आपल्या मुलीला जग पाहावयास मिळणार, चांगलें खाणें-पिणें मिळणार, ह्यापरतें भाग्य तें कोणतें? वसतिगृहांत गेल्यावर मुलीला रोज गोळी मिळे. 'ही जीवनसत्त्वांची गोळी आहे, व्यायामाचा शीण हिनें लवकर जातो,' असें प्रशिक्षक सांगत. ती त्यांच्या देखत गिळावयाची, घरीं न्यावयाची नाहीं, घरीं बोलावयाचें नाहीं. गोळीचें खरें नांव आईबापांना कळूं द्यावयाचें नाहीं, हा तर योजनेचाच एक भाग होता. सुटींत घरीं आलेल्या मुलीचा आवाज बदललेला ऐकून आईच्या काळजांत चर्र होत असेल, पण विचारणार कोणाला? प्रशिक्षक सरकारी, डॉक्टर सरकारी, वृत्तपत्र सरकारी, आणि शेजारी कदाचित् गुप्त पोलिसांचा खबऱ्या.

मुलें आईबापांपेक्षां मास्तरांचें अधिक ऐकतात, ही समजूत मीं नोकरींत असतांनाच सोडून दिली होती. पण ड्रिलमास्तरांचें तीं निःसंशय ऐकतात. वर्गांत ज्याला चार ओळी पाठ करण्याचा कंटाळा, तोच मुलगा मैदानावर पहांटे पांच वाजतां हजर असतो. हा विश्वास खेळाच्या शिक्षकाची सर्वांत मोठी पुंजी होय. पूर्व जर्मनींतील प्रशिक्षकांनीं नेमकी तीच खर्ची घातली.

ड्रेस्डेनची रिका राइनिश हिचें उदाहरण घ्या. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्यें ह्या पंधरा वर्षांच्या मुलीनें तीन सुवर्णपदकें जिंकलीं. दोनच वर्षांत स्त्रीरोगाच्या व्याधीमुळें तिला पोहणें कायमचें सोडावें लागलें. आपल्याला काय दिलें जात होतें, हें तिला पुष्कळ वर्षांनीं कळलें. दुसरें उदाहरण हायडी क्रीगर ह्या गोळाफेकपटूचें. तिला सोळाव्या वर्षापासून गोळ्या मिळूं लागल्या. १९८६ सालीं ती युरोपची विजेती झाली, आणि त्या एका वर्षांत तिच्या पोटांत सुमारे २६०० मिलिग्रॅम स्टिरॉइड गेलें, असें पुढें सांपडलेल्या नोंदींवरून दिसतें. तिच्या शरीरांत व मनांत इतका बदल झाला कीं, १९९७ सालीं शस्त्रक्रिया करवून घेऊन तिनें पुरुष म्हणून जगावयास सुरुवात केली. अँड्रियास क्रीगर ह्या नांवानें हे गृहस्थ आतां ओळखले जातात. स्वतःविषयींची अस्वस्थता मला आधींपासूनच होती, पण आपण कोण व्हावें हा निर्णय माझा मला करूं द्यावयास हवा होता, असें त्यांचें म्हणणें आहे. मला हें म्हणणें अत्यंत न्याय्य वाटतें.

स्पर्धेंत तपासणी होत नव्हती काय? होत होती. परंतु ड्रेस्डेनजवळ क्राइशा येथें सरकारची स्वतःची प्रयोगशाळा होती. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूची तेथें आधींच तपासणी होई. ज्याच्या लघवींत औषधाचा अंश आढळे, त्याला 'आजारी' म्हणून घरींच ठेवीत. चोर पकडण्यासाठीं बसविलेला दिवा चोरांनींच आपल्या वाटेवर धरला, तो असा.

भिंत पडल्यावर हें सर्व बाहेर आलें. हायडेलबर्ग येथील जीवशास्त्रज्ञ व्हेर्नर फ्रांके व त्यांच्या पत्नी ब्रिगिटे बेरेंडोंक ह्यांना १९९० सालीं बाड सारोव येथील लष्करी वैद्यकीय संस्थेंत गुप्त प्रबंध सांपडले. बेरेंडोंक बाई स्वतः एके काळच्या थाळीफेकपटू, त्यामुळें कोणता कागद कशाविषयीं आहे हें त्यांना तेव्हांच उमगलें. कोणाला, कोणत्या वर्षीं, किती मात्रा दिली, आणि तिचे दुष्परिणाम काय झाले, ह्याची जर्मन शिस्तीनें केलेली टिपणें त्यांत होतीं. म्हणजे डॉक्टरांना सर्व ठाऊक होतें. अंधारांत होते ते मुली आणि त्यांचे आईबाप. २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें क्रीडाखात्याचे सर्वेसर्वा मानफ्रेड एवाल्ड ह्यांना २२ महिन्यांची व डॉक्टर ह्योप्नर ह्यांना १८ महिन्यांची शिक्षा दिली. दोन्ही शिक्षा स्थगित. दोघेहि तुरुंगांत गेले नाहींत. पुढें झालेल्या कायद्यान्वयें १९४ पीडितांना प्रत्येकीं सुमारे दहा हजार युरो मिळाले. ज्या बायांचा आवाज कायमचा गेला, ज्यांना मूल झालें नाहीं किंवा अधू मूल झालें, त्यांनीं हे पैसे घेऊन काय केलें असेल, तें आपणच ताडावें.

आतां ह्या द्रव्यांनीं कोंवळ्या वयांतच एवढा घात कां होतो, तें थोडक्यांत सांगतों. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा एक पट्टा असतो. उंची वाढते ती त्याच्या योगानें. वयांत येणें पुरें झालें म्हणजे अंतःस्रावांच्या प्रभावानें हा पट्टा हाड बनून मिटतो. बाहेरून स्टिरॉइड दिलें कीं तो अकालीं मिटतो, आणि दंड फुगलेला मुलगा उंचीला खुंटतो. शरीर स्वतःचा स्राव करणें थांबवितें, म्हणून मुलाचे वृषण आकसतात, कधीं छातीवर स्तनांसारखी वाढ होते. मुलींचा आवाज एकदां जाड झाला म्हणजे तो परत येत नाहीं. यकृत व हृदय ह्यांवरहि परिणाम होतोच. आणि मनावर होणारा परिणाम सर्वांत फसवा. कारण चिडखोरपणा ह्या वयांत नसतो कोणाला?

अमेरिकेंत ह्याच रोगानें दुसरें रूप घेतलें. तेथें सरकारनें गोळी दिली नाहीं. मुलांनीं ती स्वतः शोधून काढली. १९८८ सालीं ४६ हायस्कुलांतील शेवटच्या वर्गाच्या ३४०३ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. शेंकडा ६.६ मुलांनीं स्टिरॉइड घेतल्याचें सांगितलें, आणि त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिकांनीं सोळाव्या वर्षीं किंवा त्याआधींच सुरुवात केली होती. घेणाऱ्यांपैकीं एकतृतीयांशाहून थोडे अधिक असे होते कीं, शाळेच्या कोणत्याहि संघाशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. आरशांत छाती भरदार दिसावी, एवढाच ज्यांचा हेतु, असे त्यांत बरेच. आणखी एक आंकडा तर डोळे उघडणारा आहे. घेणाऱ्या मुलांपैकीं पंचमांशांना औषध मुख्यतः डॉक्टर, कंपाउंडर अशा वैद्यकाच्या धंद्यांतील माणसांकडूनच मिळत होतें.

दहा वर्षांनीं, १९९८ च्या उन्हाळ्यांत, मार्क मॅग्वायर हा बेसबॉलपटू एका मोसमांत ७० 'होम रन' मारून घरोघरचा वीर झाला. त्याच्या कपाटांत अँड्रोस्टेनडायोन नांवाच्या द्रव्याची बाटली एका बातमीदाराला दिसली. तें त्या वेळीं दुकानांत उघड मिळत असे. बातमी छापून आली. बातमीदारालाच नांवें ठेवण्यांत आलीं, आणि बाटल्यांचा खप मात्र वाढला. सरकारनें तिची विक्री बंद केली ती २००४ सालीं. आपण स्टिरॉइड घेत होतों, असें मॅग्वायरनें २०१० सालीं कबूल केलें. मधल्या बारा वर्षांत किती मुलांनीं त्याचा कित्ता गिरविला, त्याची मोजदाद कोण करणार!

टेक्सस राज्यांतील प्लॅनो शहरीं टेलर हूटन हा मुलगा हायस्कुलांत बेसबॉल खेळत असे, व चेंडू टाकण्यांत तरबेज होता. 'तूं अंगानें आणखी भरावयास हवास,' एवढेंच एका प्रशिक्षकानें त्याला सांगितलें. कांहीं महिन्यांत त्याचें वजन सुमारे तीस पौंडांनीं वाढलें. आईबापांना तें मेहनतीचें फळ वाटलें. पुढें त्याचा स्वभाव भडक झाला, तेव्हां त्यांना संशय आला आणि त्यांनीं त्याची अमली पदार्थांची तपासणीहि करविली. परंतु त्या तपासणींत स्टिरॉइडचा समावेशच नव्हता! निकाल निर्दोष आला. १५ जुलै २००३ रोजीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, त्यानें आपलें जीवन संपविलें. मृत्यूचें खापर एकाच कारणावर फोडणें धाडसाचें होईल, आणि तसा वाद त्या देशांतहि झाला. पण हीं द्रव्यें एकाएकीं सोडल्यावर कित्येकांना तीव्र खिन्नता येते, ही गोष्ट वैद्यकाला मान्य आहे. त्याचे वडील डॉन हूटन ह्यांनीं मुलाच्या नांवानें संस्था काढली, आणि १७ मार्च २००५ रोजीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष दिली. त्याच दिवशीं मॅग्वायरहि तेथें हजर होता, आणि मागच्या गोष्टींविषयीं बोलावयास आपण आलों नाहीं, असें तो सांगत होता.

ह्या साक्षीचा परिणाम म्हणून टेक्ससनें शाळांतील खेळाडूंची तपासणी सुरू केली. २००८ सालीं पहिल्या दहा हजारांहून अधिक तपासण्यांत केवळ दोन मुलें दोषी निघालीं. कोणी म्हणाले, पाहा, मुलें निर्दोष आहेत. कोणी म्हणाले, चाळणीचीं भोकें मोठीं आहेत. २०१५ सालीं पैशाअभावीं तो उपक्रम बंद पडला. मला विचाराल तर दुसरा पक्ष अधिक खरा असावा. कारण तपासणीचा दिवस आणि औषधाचा दिवस ह्यांचा मेळ चुकविणें फारसें अवघड नाहीं.

मग मुलांना नुसती भीति घालावी काय? ऑरेगन येथील डॉक्टर गोल्डबर्ग ह्यांनीं ह्याचाच प्रयोग करून पाहिला. कांहीं मुलांना केवळ दुष्परिणाम सांगितले. कांहींना, ह्या द्रव्यानें स्नायु वाढतात हें खरें, असें आधीं कबूल करून मग धोके सांगितले. भीति घातलेल्या मुलांवर परिणाम जवळजवळ शून्य. दुसऱ्यांना निदान धोके तरी पटले. ह्यांत नवल नाहीं. 'कांहीं उपयोग होत नाहीं' असें बाप सांगतो, आणि मुलगा तालमींत आपल्या डोळ्यांनीं दंड फुगलेला पाहतो. मग बापाचें पुढचें खरें बोलणेंहि त्याला खोटें वाटतें. पुढें गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं पोर्टलंड परिसरांतील ३१ शाळांत खेळाच्या संघांतूनच शिक्षण देण्याची पद्धति राबविली. त्यांत आहार कसा घ्यावा, मेहनत कशी करावी, कोणी गोळी पुढें केली तर नाहीं कसें म्हणावें, हें मुलें एकमेकांना शिकवीत. त्या पद्धतीचा उपयोग दिसून आला.

आपल्याकडे तालमीची परंपरा दूध, तूप, बदामांच्या खुराकाची. तो खुराक सावकाश लागूं पडतो, आणि हल्लीं सावकाशीला कोणी विचारीत नाहीं. त्याची जागा पावडरीच्या डब्यांनीं घेतली आहे. सर्वच डबे वाईट नसतात. पण डब्यावर लिहिलें आहे तेंच आंत आहे, अशी खात्री कोण देतो? कोलोनच्या प्रयोगशाळेनें २००० व २००१ सालीं १३ देशांतून आणलेले अशा पूरक अन्नाचे ६३४ नमुने तपासले. त्यांपैकीं ९४ नमुन्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेलीं, स्टिरॉइडच्या जातीचीं द्रव्यें निघालीं.

दिल्लींत २०२३ च्या सप्टेंबरांत राज्यपातळीच्या मैदानी स्पर्धा चालू होत्या. तपासणी अधिकारी आल्याची वार्ता पसरली, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकटाच धांवपटू हजर राहिला! स्वच्छतागृहांत टाकून दिलेल्या सुयांचीं चित्रें वृत्तपत्रांत झळकलीं. अल्पवयी खेळाडूंच्या दोषी नमुन्यांचा दहा वर्षांचा जागतिक आढावा २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. त्यांत रशियाच्या खालोखाल आपला क्रम लागला. पदकांच्या यादींत असा क्रम लागता तर आपण पेढे वांटले असते.

घरांतील औषधाच्या कपाटाविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण तेथें संबंध थेट आईबापांशीं येतो. मुंबईचा तरुण फलंदाज पृथ्वी शॉ हा एकोणीस वर्षांचा असतांना, २०१९ च्या फेब्रुवारींत, त्याच्या लघवींत टर्ब्युटालीन सांपडलें. हें द्रव्य खोकल्याच्या साध्या औषधांत असतें. त्यानें तें खोकल्यासाठींच घेतलें, हें क्रिकेट मंडळानें मान्य केलें. तरीहि त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. दोष मुद्दाम केला कीं नकळत, हा प्रश्न नियमांत नंतर येतो. शरीरांत जें सांपडलें त्याची जबाबदारी आधीं खेळाडूची.

रशियाची पंधरा वर्षांची स्केटिंगपटू कमिला वालियेवा हिची कथा ह्याहून दुःखद. डिसेंबर २०२१ मध्यें घेतलेल्या तिच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन हें हृदयविकाराचें औषध आढळलें. आजोबांचें औषध चुकून पोटांत गेलें, असा बचाव मांडण्यांत आला. क्रीडा लवादाला तो पटला नाहीं, आणि जानेवारी २०२४ मध्यें तिला चार वर्षांची बंदी झाली. पंधराव्या वर्षीं मुलगी असें औषध स्वतः होऊन आणते, ह्यावर माझा तरी विश्वास बसत नाहीं. तरी निकालपत्रावर नांव लागलें तें तिचें.

२०२१ पासून अमलांत आलेल्या जागतिक नियमावलींत ह्याची थोडी दखल घेतली आहे. सोळा वर्षांखालील खेळाडूला 'संरक्षित व्यक्ति' मानून त्याला शिक्षेंत सवलत मिळूं शकते, आणि असें मूल दोषी ठरल्यास त्याच्या भोंवतालच्या सहाय्यक माणसांची चौकशी झालीच पाहिजे, असा नियम आहे. सहाय्यक कोण, ह्याची व्याख्याहि तेथें दिली आहे. प्रशिक्षक, व्यवस्थापक, डॉक्टर ह्यांच्या त्या यादींत आईबापांचेंहि नांव आहे.